आधी चेन बघा, मग इंजिन

लष्कराच्या लिलावातून आलेल्या जुन्या चेन डोझरबद्दल, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी चेनवर चालणाऱ्या बुलडोझरबद्दल, गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रं आली. त्यातली निवडक या अंकात एकत्र घेतली आहेत. एक पत्र चक्क रणगाड्याचं आहे. तेही घेतलं, कारण त्यातही विचारलंय ते चेनबद्दलच.

प्रश्न: लष्कराच्या लिलावात बीईएमएलचा डी-८० डोझर निघाला आहे. यादीत जुनी बनावट, चाललेले तास कमी, आणि सहा वर्षांपासून उभा, असं लिहिलंय. शेततळी आणि धुरे काढायच्या कामासाठी घ्यावा का? बघायला गेलो तर काय काय बघू?
– एक कास्तकार, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर: तासांच्या आकड्यावर भाळू नका. लष्कराची यंत्रं चालतात कमी आणि उभी जास्त राहतात. लोखंड झिजलेलं नसतं, पण रबर मेलेलं असतं. होजपाइप, सील, ओ-रिंग, बेल्ट, बॅटऱ्या हे सगळं नव्यानं घालावंच लागेल, असं धरूनच बोली लावा.

एमएसटीसी या सरकारी लिलाव कंपनीच्या ई-लिलावात माल ‘जसा आहे, जिथं आहे’ याच अटीवर विकला जातो. नंतर तक्रार चालत नाही, म्हणून पाहणीचा दिवस चुकवू नका. लॉटचं वर्णन शब्दन् शब्द वाचा. ‘स्क्रॅप’ म्हणून विकलेला लॉट आणि यंत्र म्हणून विकलेला लॉट यांच्या अटी वेगळ्या असतात. माल उचलायची मुदत चुकली की जागेचं भाडं लागतं.

इंजिन सुरू करून दाखवतील ही आशा नको. तुम्ही आधी खाली बसा. चेनच्या यंत्राच्या देखभालीतला निम्म्याच्या आसपास पैसा खालच्या बाजूलाच जातो, म्हणजे चेन, रोलर (चेनवर यंत्राचं वजन पेलणारी छोटी चाकं), आयडलर (पुढचं मोकळं चाक) आणि स्प्रॉकेटवर (चेन ओढणारं दातांचं चाक). स्प्रॉकेटचे दात बोथट असले तर बरं. खुरप्याच्या टोकासारखे एका बाजूला वळून टोकदार झाले असतील तर चेनही गेलेली समजा. मग टेप काढा. डी-८० च्या नव्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत २१६ मिमी भरतात, म्हणजे चार कड्यांना ८६४. सब्बलीनं चेन ताणून चार कड्या एकदम मोजा. ८७६ च्या आसपास भरल्या तर पिन-बुश (कड्या जोडणारी पिन आणि तिच्यावरची नळी) फिरवायची वेळ आलेली आहे, आणि तो खर्च किमतीतून वजा करा. शूच्या, म्हणजे चेनला बोल्टानं लावलेल्या लोखंडी पाट्यांच्या, उभ्या पट्टीची उंची बघा. ती २५ मिमीपर्यंत आली असेल तर पट्टी वेल्ड करावी लागते, नाहीतर ओल्या मातीत चेन जागेवरच घसरते. प्रत्येक रोलरवरून हात फिरवा. एका बाजूनं चपटा लागला तर तो जाम होऊन घासत गेलेला आहे.

वर या. इंजिन ऑइलची पट्टी काढा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. पंख्याच्या पुलीजवळून क्रँक थोडा तरी हलतो का, ते पाना लावून बघा. ब्लेडच्या जॅकचे चकचकीत दांडे नखानं तपासा, खड्डे लागले तर नवे सीलही दोन महिन्यांत फाटतील. सेल्फ, अल्टरनेटर, डिझेल पंप जागेवर आहेत का, हे तर मोजूनच घ्या. लांब उभ्या राहिलेल्या यंत्राचे हेच भाग आधी दुसऱ्या यंत्रावर चढतात.

चेन चांगली आणि इंजिन जाम, असा डोझर घ्यायला हरकत नाही. इंजिन चांगलं आणि चेन गेलेली, असा असेल तर किंमत निम्मी मागा. वजन वीस टनांच्या पुढे आहे. क्रेन, लो-बेड ट्रेलर आणि जीएसटी धरून हिशोब करा. डिलिव्हरी ऑर्डर आणि गेटपासची मूळ प्रत जपून ठेवा. पुढे यंत्र विकताना मालकीचा पुरावा तोच.

प्रश्न: असाच डोझर घेऊन वावरात आणून ठेवला आहे. पाच-सहा वर्षं बंद होता. बॅटरी लावून थेट सेल्फ मारायचा का?
– ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर: नाही. थेट सेल्फ मारून एखादी अडकलेली रिंग तुटली, तर जे काम दोन दिवसांत झालं असतं त्याला दोन महिने लागतील.

पहिल्या दिवशी नुसती सफाई. एअर क्लीनर उघडा. त्यात गांधीलमाश्यांची घरटी, उंदरांनी नेलेला कापूस, काहीही सापडतं. डिझेल टाकी तळापासून रिकामी करा. तळाशी पाणी आणि काळा चिकट गाळ निघेल. तो पंपात गेला की पंप गेला. टाकी धुऊन डिझेल फिल्टर नवे टाका. इंजिन ऑइल गरम न करताच काढा, नवं १५डब्ल्यू-४० भरा, फिल्टर बदला. रेडिएटर पाण्यानं भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी खाली ओल आहे का बघा.

इंजेक्टर काढता येत असतील तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि चोवीस तास तसंच राहू द्या. त्याहून जास्त ओतू नका. द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दुसऱ्या दिवशी, इंजेक्टर काढलेले असतानाच, बार लावून हातानं क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठं अडला तर जोर लावू नका, उलट फिरवा आणि पुन्हा या. सहज फिरला तरच बॅटरी जोडा. यंत्राला २४ व्होल्ट लागतात, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक. शेजारशेजार समांतर जोडल्या की सेल्फ नुसता ‘टक्’ करतो आणि दोष सेल्फवर येतो.

डिझेल बंद ठेवून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये दोन मिनिटं थांबा. ऑइल प्रेशरचा काटा हलला की मगच डिझेल सोडा. एअर काढताना आधी इंजिनची पाटी वाचा. साध्या पंपाच्या इंजिनाला हातपंप मारून, नट सैल करून एअर काढतात. पाटीवर कमिन्स आणि पीटी पंप (कमिन्सचा स्वतःच्या पद्धतीचा डिझेल पंप) असेल तर नट सोडत बसू नका, फिल्टर डिझेलनं काठोकाठ भरून लावा, बाकी एअर तो स्वतः काढतो.

पहिल्यांदा सुरू करताना हवेच्या तोंडापाशी जाड फळी घेऊन एक माणूस उभा ठेवा. पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकलेला असला तर इंजिन पळतं आणि चावी फिरवून थांबत नाही. तोंडावर फळी दाबून हवा तोडली तरच थांबतं. फळीच हवी, हात किंवा कापड नको.

प्रश्न: आमचा खारपाणपट्टा, जमीन भारी काळी. सकाळी चेन बरोबर असते, दुपारपर्यंत तारेसारखी ताणते. सैल केली तर वळताना उतरते. नेमकी किती ठेवायची?
– ता. अकोट, जि. अकोला

उत्तर: तुमची चेन दुपारी आखूड होत नाही, स्प्रॉकेट मोठं होतं. चिकट माती दातांच्या खाचेत आणि बुशवर बसते, रोलर त्यावरून जातो आणि ती ठोकून ठोकून विटेसारखी घट्ट होते. बुश खाचेच्या तळाशी बसायच्या ऐवजी त्या मातीवर बसतो. चेनची लांबी तेवढीच, फिरायचा घेर वाढला. ताण येणारच, आणि तो ताण पिन-बुश, आयडलरचं बेअरिंग आणि फायनल ड्राइव्ह (स्प्रॉकेट फिरवणारी शेवटची गिअरपेटी) तिघांनाही खातो.

मोजायची रीत अशी. सपाट, टणक जागी यंत्र थोडं पुढं घ्या आणि ब्रेक न दाबता थांबू द्या. आयडलर आणि वरचा पहिला रोलर यांच्यावर सरळ पट्टी ठेवा. मधोमध पट्टी आणि शूच्या टोकातलं अंतर २० ते ३० मिमी हवं. कोरड्या मुरमात किंवा दगडात काम असेल तर चेन साफ करून मोजा. पण ओल्या काळ्या मातीत काम असेल तर धुऊन मोजू नका. तासभर काम करा, माती बसू द्या आणि तशाच भरलेल्या चेनवर ३० मिमी ठेवा. सकाळी स्वच्छ असताना ती लोंबलेली दिसेल. दिसू द्या.

घट्ट करायला फ्रेमवरचं झाकण काढून निपलमध्ये ग्रीस गननं ग्रीस भरा, मग यंत्र एकदा पुढं-मागं घ्या आणि पुन्हा मोजा. सैल करायला खालचा व्हॉल्व्ह जास्तीत जास्त एक फेरा सोडा. आत ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. एक फेऱ्यापलीकडं सोडलेला प्लग गोळीसारखा सुटतो, आणि त्या ग्रीसची बारीक धार कातडी फोडून आत जाते. बाजूला उभं राहून पाना फिरवा. ग्रीस येतंय का ते बघायला तोंड किंवा डोळा समोर नेऊ नका. ग्रीस येतच नसेल तर व्हॉल्व्ह आणखी सोडू नका, यंत्र थोडं पुढं-मागं हलवा. भरलेलं ग्रीस दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी झालं तर सिलिंडरचं सील गेलंय.

चेन उतरते ती मात्र फक्त सैलपणामुळं नाही. रोलरच्या कडा झिजल्या असतील, आडव्या उतारावर जागच्या जागी वळवत असाल, किंवा चेनमध्ये दगड अडकला असेल तर ३० मिमीवरही उतरते. एकाच बाजूला गिरक्या मारणारा ऑपरेटर असेल तर त्या बाजूचे रोलर आधी तपासा. खरं सांगायचं तर वापसा यायच्या आधी चेनचं यंत्र वावरात घालूच नये. मातीचं बूड दबतं आणि दोन हंगाम तिथं पऱ्हाटी नीट येत नाही. ते नुकसान डिझेलच्या बिलात दिसत नाही, एवढंच.

रोज संध्याकाळी काम थांबवल्यावर माती खरडून काढा. सकाळपर्यंत ठेवली तर घन लागेल. खारवट माती-पाणी असेल तर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुवा, विशेषतः शूच्या बोल्टांची डोकी.

प्रश्न: फायनल ड्राइव्हमधून तेल गळतं. सील बदललं, महिन्यात पुन्हा गळती. संत्र्याच्या जुन्या बागा काढायचं काम आहे.
– ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर: बाग म्हटल्यावर पहिला संशय ठिबकच्या नळीवर. लॅटरल, नायलॉन दोरी, मल्चिंगचा कागद स्प्रॉकेटच्या मुळाशी गुंडाळला जातो, आत सरकतो आणि सील उचलतो. झाडं पाडण्याआधी नळ्या गोळा करून घ्या आणि जेवणाच्या सुट्टीत दोन्ही स्प्रॉकेटच्या मागं हात घालून बघा, अर्थात इंजिन बंद करून.

दुसरं, ब्रीदर, म्हणजे पेटीतला दाब बाहेर सोडणारं हवेचं छोटं तोंड. मातीनं ब्रीदर बुजला की तेल तापल्यावर आतला दाब सीलमधूनच वाट काढतो. नवं सीलही मग तसंच जातं. ब्रीदर डिझेलमध्ये धुऊन फुंकून बघा.

तिसरं, बसवताना होणारी चूक. हे फ्लोटिंग सील म्हणजे आरशासारख्या घासलेल्या दोन लोखंडी कड्या आणि त्यांच्यामागं दोन रबरी रिंगा. कड्यांच्या तोंडाला थेंबभर तेल, रबर आणि त्याची बैठक मात्र पूर्ण कोरडी हवी. आपले मिस्त्री मायेनं सगळीकडं ग्रीस चोपडतात. मग रबर बैठकीत घसरतं आणि कडी तिरकी बसते. जोडीतली एकच कडी बदलणंही चूक, दोन्ही एकदम बदला.

प्रश्न: उतारावर डावा लिव्हर ओढला की डोझर उजवीकडं जातो. लिव्हरची जोडणी उलटी झाली आहे का?
– ता. चिखलदरा, जि. अमरावती

उत्तर: जोडणी बरोबर आहे. क्लचवर वळणाऱ्या सगळ्या जुन्या डोझरांचा हाच स्वभाव आहे, आणि तो माहीत नसणं जिवावर बेततं.

सपाटीवर इंजिन चेनला ओढतं. डावा लिव्हर ओढला की डाव्या चेनची ओढ तुटते, ती मागं पडते, यंत्र डावीकडं वळतं. उतारावर मात्र यंत्राचं वजन खाली पळत असतं आणि इंजिन त्याला मागून धरून असतं. आता डावा लिव्हर ओढला की डाव्या चेनची ती धर सुटते. ती मोकळी होऊन उजव्या चेनपेक्षा जोरात धावते आणि यंत्र उजवीकडं फिरतं.

उपाय असा, उतारावर नुसता क्लच कधी ओढायचा नाही. लिव्हर आणि त्याच बाजूचा ब्रेक बरोबर लावायचा, म्हणजे यंत्र लिव्हरच्या दिशेनंच वळतं. गिअर पहिला, न्यूट्रल कधीच नाही. खरा धोका काठावर असतो. ब्लेडपुढं मातीचा ढीग ढकलत उतरताना ओझं यंत्राला अडवून ठेवतं, म्हणून वळण सपाटीसारखं सरळ मिळतं. ढीग काठावरून खाली पडला की त्याच क्षणी वळण उलटं होतं. काठाच्या शेवटच्या दोन मीटरमध्ये लिव्हरला हात लावायचा नाही, हे ऑपरेटरकडून पाठ करून घ्या.

प्रश्न: शेजारच्या गावात तीन किलोमीटरवर काम आहे. डांबरी रस्त्यानं पहाटे नेला तर चालेल का?
– ता. उमरेड, जि. नागपूर

उत्तर: नाही. लोखंडी पट्ट्या डांबर फाडतात, भरपाई तुमच्यावर येते. आणि रोलर लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी नसतातच, ते तापून सील सोडतात. लो-बेड ट्रेलर बोलवा. चढवताना शूखाली लाकडी फळ्या टाका, लोखंडावर लोखंड ओलं असेल तर साबणासारखं घसरतं. फळीवर असताना वळण दुरुस्त करू नका, खाली येऊन पुन्हा सरळ घ्या. चढल्यावर ब्लेड टेकवा आणि चारी कोपऱ्यांना साखळदंड लावा. निघण्याआधी जमिनीपासून एक्झॉस्टच्या टोकापर्यंतची उंची मोजा. पांदणीवरच्या विजेच्या तारा लोंबलेल्या असतात. विमा मोटारीचा नव्हे, काँट्रॅक्टरच्या यंत्रसामग्रीचा घ्यायचा.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाला मिळालेला टी-५५ रणगाडा आवारात ठेवला आहे. गंज चढतोय, चेन वरच्या बाजूनं सैल पडली आहे. ती कशी ताणायची?
– जि. वर्धा

उत्तर: चेनला हात लावू नका, ती सैल पडलेली नाही. डोझरला वरच्या बाजूनं चेन उचलणारे रोलर असतात. टी-५५ ला ते नाहीतच. त्याची चेन पाच मोठ्या चाकांच्या माथ्यावरच टेकून परत जाते, म्हणून मधे मधे झोळ दिसतो. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जरा जास्त फट आहे, तीही मूळचीच.

खरं दुखणं पायाचं आणि पाण्याचं. रणगाडा ३६ टनांचा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चौथरा तिच्यावरच बांधला असेल तर एका बाजूनं बसतो. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या, चौथऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. पोटाखालचे निचऱ्याचे प्लग काढून ठेवा. आत बादल्यांनी पाणी साचतं, डासही तिथलेच. तोफेच्या तोंडाला झाकण बसवा. हॅच बंद करा, पण जाळीची हवा ठेवा, पूर्ण बंद केलं तर आत घाम धरतो. वर चढणाऱ्या पोरांसाठी तर हॅच बंद हवंच.

रंगाआधी सगळ्या खुणा आणि आकड्यांचे फोटो काढा. रंगारी मनानं नवं चिन्ह काढतो आणि मग तो रणगाडा कुठल्या रेजिमेंटचा, हे कोणालाच सांगता येत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून ग्राइंडरनं कोरडी धूळ उडवू नका. ओला करून घासा, मास्क लावा. नंतर झिंक फॉस्फेट प्रायमर आणि वर इनॅमलचे दोन हात. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस यासाठी उत्तम. मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग बसायच्या आधीच सुकतो. चाकांच्या रबरावर रंग मारू नका. आतले डायल उघडू नका, जुन्या सोव्हिएत बनावटीच्या काही डायलांवर रेडियमचा रंग असतो.

असे रणगाडे संस्थांना संरक्षण मंत्रालयाकडून निकामी करून दिलेले असतात. तो विकणं, कापणं किंवा इंजिन सुरू करून बघणं तुमच्या हातात नाही. नीट ठेवलेला रणगाडा कसा दिसतो, हे पाहायचं असेल तर मुलांना अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात घेऊन जा.

प्रश्न: पिन-बुश फिरवायचे की नवी चेन टाकायची?
– ता. पुसद, जि. यवतमाळ

उत्तर: बुश एकाच बाजूनं झिजतो, कारण दात त्याला नेहमी त्याच बाजूनं ढकलतो. दुसरी बाजू कोरीच असते. झीज वेळेत पकडली तर हायड्रॉलिक प्रेसवर पिन-बुश काढून अर्धा फेरा फिरवून बसवता येतात आणि चेनला दुसरं आयुष्य मिळतं. बुशला चीर गेली किंवा तो आरपार झिजला की संधी संपली. कडीच्या वरच्या धावेची उंची झिजून रोलरची कड पिनेच्या डोक्याला लागायला आली असेल, तरीही फिरवण्यात पैसे घालू नका.

फिरवलेली चेन जुन्या टोकदार स्प्रॉकेटवर चढवू नका, नव्या बाजूचा बुश तो पहिल्याच पावसाळ्याच्या आत खाईल. स्प्रॉकेट सेगमेंटचं, म्हणजे बोल्टानं लावलेल्या तुकड्यांचं, असेल तर सेगमेंट त्याच दिवशी बदला. दोन्ही बाजूंची चेन एकदम करा. एकच केली तर दोन बाजूंची लांबी वेगळी होते आणि यंत्र सरळ चालत नाही. उतरवण्याआधी डावी-उजवी आणि पुढची दिशा रंगानं लिहून ठेवा. शूचे बोल्ट नवेच घ्या, आणि पहिल्या दिवसाच्या कामानंतर सगळे पुन्हा एकदा आवळा.